चार पिल्लं, दोन पेट्या

(अमेरिकेतल्या ओहायोमधलं, वीज-मोटारी न वापरणाऱ्या आमिश पंथाचं गाव, मे महिन्यातली गार सकाळ. एडनाच्या कुरणाच्या तारेच्या कुंपणावर निळ्या पाखरांच्या घरट्यांसाठी लाकडी पेट्या लावल्यात. तिथं तिची थोरली नणंद सॅव्हिला बग्गीतून उतरते. हातात झाकलेली पावाची टोपली.)

एडना : पाव कालच भाजलेत मी, वन्सं.

सॅव्हिला : पाव नाहीत, पिल्लं आहेत. निळ्या पाखराची, चार.

एडना : अगबाई! आणि आई?

सॅव्हिला : मेली. चिमण्यानं पेटीत शिरून डोकं फोडलं तिचं. ही पंखांखाली होती म्हणून वाचली.

एडना : बाप भरवेल की.

सॅव्हिला : भरवेल. ऊब कोण देणार? पाच दिवसांची आहेत, अंगावर पीस नाही. तुझ्याकडे एवढ्याच वयाची कुठल्या पेटीत आहेत?

एडना : तिसऱ्या पेटीत तीन, चौथीत तीन. पण माझ्या पेट्या म्हणजे चिमण्यांची धर्मशाळा ना? रविवारी प्रार्थनेनंतर सगळ्या बायकांदेखत म्हणालात.

सॅव्हिला : म्हणाले. त्याचं लोणचं नंतर घाल. दोन इथं, दोन तिथं. उघड झाकण.

एडना : तिथल्या आईला कळणार नाही?

सॅव्हिला : माझी सासू ताटातले बटाटे मोजायची. हिला मोजता येत नाही. चोच उघडी दिसली की भरवते. हं, लाव झाकण. आता चौथी.

एडना : झालं. या, मागं उभ्या राहा.

सॅव्हिला : ती बघ, तिसऱ्या पेटीपाशी, तारेवर. चोचीत अळी आहे.

एडना : गेली आत! वन्सं, पण चिमणा आला कुठून? तुमच्या कुंपणावर तर चिमणी टिकत नाही म्हणता.

सॅव्हिला : शेजारच्या पेटीत त्याची मादी आहे.

एडना : मग तिचं घरटं काढून टाकलं नाहीत, नेहमीसारखं?

सॅव्हिला : गेले होते काढायला, मंगळवारी. पाच अंडी होती. ऊन होती. झाकण लावून परत आले.

एडना : तुम्ही?

सॅव्हिला : तोंड मीट, माशी जाईल.

एडना : मग ती अंडी?

सॅव्हिला : तिथंच. त्याच कुंपणावर पलीकडे दुसरी निळी बसलीय, अंड्यांवर. चिमणा आता तिच्या पेटीत डोकावतोय.

एडना : मग आजच काढायला हवं.

सॅव्हिला : हवं. तू काढ. माझ्याच्यानं होत नाही.

एडना : माझ्याच्यानं होत असतं, तर धर्मशाळा झाली असती का?

सॅव्हिला : बस बग्गीत. झाकण तू उघड, हात मी घालते.