नजर खाली

(सोनाळ्याजवळच्या मिशन बोर्डिंगचा ओटा. देवळातली रविवारची मिस्सा-प्रार्थना नुकतीच संपली आहे.)

फादर : आज पुन्हा पाणी गिळलंस?

पुंजाजी : चूळ भरता भरता गेलं, फादर. माहा गळाच तसा हाय.

फादर : कम्युनियनची पवित्र भाकर घ्यायची तर मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंब चालत नाही, हे तुला ठाऊक आहे. मग हा गळा नेमका रविवारीच कसा घसरतो?

पुंजाजी : बाकीच्या दिवशी चूळ कोण भरते?

फादर : अरे, मी फ्रान्सचा आहे, खुळा नाही! मनात पाप आहे तुझ्या. काल कबुलीलाही फिरकला नाहीस.

पुंजाजी : कबुली देली तं तुम्ही मले घरी धाडसान. बाप शाळा सोडवून निंदायले लावन. अन् कबुली न देता कम्युनियन घेतलं तं नरक. त्याच्यापरीस घोटभर पाणी बरं ना?

फादर : कबुलीतलं मी कुणाला सांगू शकत नाही. त्यावरून कुणाला घालवूही शकत नाही.

पुंजाजी : पक्कं? मंग हा ओटाच कबुलीची पेटी समजा.

फादर : ओटा कसा पेटी... बरं, समजलो. बोल.

पुंजाजी : पोरगी हाय.

फादर : देवा! कोण?

पुंजाजी : नाव नाही मालूम.

फादर : दिसायला कशी?

पुंजाजी : थेबी नाही मालूम. तोंड कुठी पाह्यलं!

फादर : मग पाहिलंस काय?

पुंजाजी : पाय. तुम्हीच म्हणता ना, पोरी देवळात आल्या की पोरांनी नजर खाली ठेवा? ठेवली. आता साऱ्या पोरींचे पाय पाठ हायेत. आमच्या वर्गात कोणालेबी विचारा.

फादर : सगळ्या वर्गाला?

पुंजाजी : हाव. पण त्या पायाईची गोठ न्यारी. डावी करंगळी शेजारच्या बोटावर चढून बसेल हाय. वेदीकडं जाताना माह्यापुढं जरासे थांबतेत, मंग जातेत. म्हणून मीबी माहे पाय घासून येतो.

फादर : म्हणून विहिरीवर एवढा वेळ! मी मास्तरांना म्हटलं, मुलगा पवित्र होतोय, पाद्री होईल.

पुंजाजी : फादर, आज ते पाय नाही आले. तिले ताप तं नाही ना? इतकंच सांगा. मंग कितीबी माळा जपायले लावा.

फादर : ताप नाही. परवा मुलींच्या बोर्डिंगातून एकच जण घरी गेली. वडील घेऊन गेले. चिखलीला लग्न ठरलंय तिचं.

पुंजाजी : बरं.

फादर : पुंजाजी, वर बघ. माझ्याकडे बघ, बाळा. ह्यात पाप नव्हतं रे.

पुंजाजी : लग्नात नवरीले चपला घेतेत ना, फादर?

फादर : घेतात. का रे?

पुंजाजी : मंग करंगळी पट्ट्याखाली लपन. बाजारात समोर आली तरी मी वळखणार नाही तिले.