पाण्यावर आल्यानंतरचं वाक्य

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरच्या डॉक्टरीणबाई, कोचसर, क्लबची सगळी मंडळी आणि उद्या जागतिक स्पर्धेला निघालेली, पहिल्या रांगेत मान खाली घालून बसलेली माझी नात,

अध्यक्षसाहेब, तुमचं भाषण फार सुंदर झालं. गेल्या वर्षीही सुंदरच झालं होतं. हीच मुलगी, हाच हॉल आणि हेच ‘सागराच्या उदरात झेप घेणारी कन्या’. तुम्ही विसरलात, श्रोतेही विसरले, टाळ्यासुद्धा त्याच जागी पडल्या. मला लिहिता-वाचता येत नाही, म्हणून सगळं लक्षात ठेवावं लागतं; तुम्हाला ती अडचण नाही. हा कागद सुनेनं माझ्या सांगण्यावरून लिहिलाय. मला तो वाचता येणार नाही, पण रिकाम्या हातानं बोलायला उभं राहिलं की लोक घाबरतात, ही बाई आता कधी थांबणार म्हणून.

नको, खुर्ची नको. बसलं की जीव जास्तच वरखाली होतो.

तर नव्या मंडळींसाठी सांगते. श्वास रोखून पाण्यात जायचे बरेच प्रकार आहेत. एकात तलावात पालथं पडून नुसतं राहायचं. माझे यजमान दर रविवारी पलंगावर हेच करायचे, त्यांना कुणी पदक दिलं नाही. दुसऱ्यात पाण्याखालून आडवं जायचं, जाववेल तितकं. मग समुद्रातले प्रकार. कुणी पायात रबरी पंख लावून खोल जातं, कुणी दोरी ओढत उतरतं, कुणी वजनाला धरून. माझ्या नातीनं कोणता निवडला? पंख नाहीत, दोरीला हात लावायचा नाही, नुसते हातपाय मारत खाली आणि तसंच वर. सगळ्यात अवघड तो. घरात काम वाटून दिलं की बरोबर सोपं उचलते.

खाली ठरलेल्या खोलीवर एक पट्टी लावलेली असते, ती घेऊन यायची. मला वाटलं, झाला विक्रम. तर नाही. वर आल्यावर परीक्षकांसमोर डोळ्यांवरचा चष्मा काढायचा, बोटांचा गोल करून दाखवायचा आणि ‘आय ॲम ओके’ म्हणायचं. याच क्रमानं, आणि लगेच. नाही जमलं, तर पाताळात जाऊन आलात तरी शून्य. मला हा नियम फार पटला. जगातला विक्रम म्हणजे काय हो शेवटी? किती खोल गेलं, एवढंच का? तिथवर जाऊन परत यायचं आणि आपण शुद्धीवर आहोत हे आपल्या तोंडानं सांगायचं, तेव्हा कुठे तो विक्रम.

गेल्या वर्षी हिनं पट्टी आणली, चष्मा काढला, बोटं दाखवली आणि परीक्षकांकडे बघून म्हणाली, “चाललंय.”

हसा, वर्षभर हसताच आहात. आमच्या घरात ‘कसं काय’ला दुसरं उत्तर कुणी दिलेलंच नाही. यजमान आजारपणात शेवटपर्यंत चाललंयच म्हणत होते. परीक्षकांनी लाल कार्ड दाखवलं आणि विक्रम खरोखरच पाण्यात गेला.

यंदा कोचसरांनी चंग बांधला. जेवताना, जिना चढताना, झोपेतून उठवून हिच्याकडून ते वाक्य म्हणवून घेतलं. चहा घेणार का म्हटलं तरी “आय ॲम ओके.” कोचसर, तुमची मेहनत मी पाहिलीय, तिची थट्टा करत नाही.

आता पुढचं कागदावर नाही. सूनबाई, शोधू नकोस, तुलाही ठाऊक नाही.

गेल्या आठवड्यात ही सरावाहून आली ती खोकतच. मी न्हाणीघराच्या दारात उभी. बेसिनमध्ये थुंकी पडली, ती गुलाबी.

“काय गं हे?”

“हिरडी दुखावलीय, आजी.”

“हिरडी कधीपासून खोकायला लागली?”

तेव्हा हिनं तोंड पुसलं, माझ्याकडे वळली, बोटांचा गोल केला आणि म्हणाली, “आय ॲम ओके.” क्रम बरोबर, शब्द बरोबर. तुमच्या परीक्षकांनी पास झाल्याचं पांढरं कार्ड दिलं असतं.

मी म्हटलं, “डॉक्टरीणबाईंना दाखवू.”

“त्या उतरू देणार नाहीत गं. स्पर्धा होऊ दे, मग हवं तिथे ने. तोवर कुणाला बोलू नकोस ना.”

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. तिनं ते हो धरलं. काल पुन्हा खोकली, नळ मोठा सोडून खोकली. नळामागचं ऐकू येऊ नये इतके माझे कान अजून गेलेले नाहीत.

अशी बघू नकोस माझ्याकडे. वर्षभर बोलू नकोस हवं तर, मला झेपेल ते.

मंडळी, गेल्या वर्षी हिला ते वाक्य म्हणता आलं नाही म्हणून तुम्ही हळहळलात. यंदा ते इतकं सफाईनं म्हणता येतं, याचीच मला धास्ती बसलीय. रक्त पडत असताना म्हणता येतं, तर समुद्रात खाली जाताना स्वतःलाही म्हणेल, आणि वळायचं तिथे वळणार नाही.

डॉक्टरीणबाई, मला छातीच्या आतलं कळत नाही. पण खोल पाण्याचा दाब फुप्फुसाला इजा करतो, हे तुम्हीच सांगितलं होतंत. तिला आत्ता घेऊन जा. कार्यक्रम संपायची वाट बघू नका.

कोचसर उठले. मला वाटलं माइक घ्यायला येताहेत, पण तिच्याकडे गेले. बरं केलंत, सर. विचारा तिला. काय म्हणाली? मोठ्यानं सांग बाई, मागं ऐकू येत नाही.

“दुखतंय, आजी. श्वास घेताना दुखतंय.”

झालं. मला एवढंच ऐकायचं होतं.

निरोपाच्या समारंभात निरोपच देऊ दिला नाही, त्याबद्दल अध्यक्षसाहेबांनी राग मानू नये. बोलण्याच्या भरात कुणाला लागलं असेल, तर म्हातारीला जिभेवर ताबा नाही म्हणून सोडून द्या. इतका वेळ ऐकून घेतलंत, तुमचे उपकार आहेत. आणि उद्या प्रवासासाठी क्लबकडून जो डबा यायचा आहे, तो विमानतळावर नको, दवाखान्यात पाठवा. मऊ भात, चवीपुरतं मीठ, तिखट अजिबात नाही, आणि गरम असू द्या. दोघींपुरता पाठवा, मी तिच्या उशाशीच बसणार आहे.