दोन दिवस अलीकडची तारीख

बुद्धघोष: लिवून घे, ज्योत्स्ना. बावीस वर्सांत माझ्या हातनं एकबी टाकी एक दिवसबी उशिरा गेलेली न्हाय.

ज्योत्स्ना: आणि बावीस वर्षांत जेवायला तुम्ही एकदाही वेळेवर आलेला नाहीत. वाक्य चांगलं आहे, पण ते मीटिंगच्या शेवटी म्हणायचं. आधी शब्द.

(इंदापूर तालुक्यातलं घर, संध्याकाळ. ज्योत्स्नापुढे गवारीची परात. बाजूला चौथीच्या जुन्या प्रश्नपत्रिका कापून केलेल्या इंग्रजी शब्दांच्या चिठ्ठ्या.)

बुद्धघोष: अगं, बावन्न वय झालं माझं. टाक्या बनवायच्या सोडून शब्द पाठ करतोय.

ज्योत्स्ना: मॅडम काय म्हणाल्या, ते परत सांगा.

बुद्धघोष: स्वरूपा मॅडम व्हय? म्हणाल्या, बुद्धघोषराव, दहा मिनिटं उभं राहून तुमचं काम आमच्या भाषेत समजावून सांगा. जमलं तर प्रोजेक्ट इन-चार्ज. न्हाय जमलं तर स्टोअर. बापूसाहेब शेजारीच बसल्यालं. मालक असून सुनेपुढं नुसती मान हलवत व्हते.

ज्योत्स्ना: स्टोअरमध्ये जायचंय?

बुद्धघोष: नटबोल्ट मोजायला? न्हाय बा.

ज्योत्स्ना: मग माइलस्टोन.

बुद्धघोष: मैलाचा दगड.

ज्योत्स्ना: भाषांतर नको. अर्थ.

बुद्धघोष: काम हितवर आलं, आता मागं जायचं न्हाय. प्लेट रोल झाली, हा एक. सगळे जोड लागले, हा दोन. पाणी भरून रातभर ठिवली आन गळली न्हाय, हा तीन.

ज्योत्स्ना: गळली तर?

बुद्धघोष: तर दोनवर जायचं आन कुणाला सांगायचं न्हाय.

ज्योत्स्ना: हे शेवटचं मीटिंगमध्ये बोलायचं नाही. स्टेकहोल्डर.

बुद्धघोष: काम कुठवर आलं म्हून इचारायचा ज्येला हक्क हाय, त्यो. कारखान्याचे साहेब, बापूसाहेब, मॅडम.

ज्योत्स्ना: आणि तुमचा समाधान?

बुद्धघोष: त्यो वेल्डर हाय.

ज्योत्स्ना: टाकी तोच जोडतो ना?

बुद्धघोष: त्येला कोण इचारतं?

ज्योत्स्ना: म्हणून त्याचं नाव पहिलं लिहा. क्रिटिकल पाथ. काल सांगितलं होतं, एकामागं एक लागलेली अशी कामं, की त्यातलं एक लांबलं तर सगळंच लांबतं.

बुद्धघोष: समाधान.

ज्योत्स्ना: अहो, माणसाचं नाव नको.

बुद्धघोष: खरं तेच सांगतोय, मास्तरीणबाई. प्लेट उशिरा आली तर मी बघून घेतो. क्रेन बसली तर चेन ब्लॉकनं वडतो. समाधानची सासू सुप्यात आजारी पडली, की हितं टाकी थांबती.

ज्योत्स्ना: तिथं ‘मुख्य वेल्डिंग’ म्हणा. पुढचा, स्कोप.

बुद्धघोष: ह्यो येतो. काम किती करायचं त्येची हद्द. ह्यो म्हंजी आपलं घर.

ज्योत्स्ना: बोला.

बुद्धघोष: ठरल्या व्हत्या दोन खोल्या. आबा म्हणाले, वालचंदनगरच्या क्वार्टरात जलमभर पंख्याखाली झोपलो, आता गच्चीवर झोपणार. मग जिना आला. जिन्याखालची जागा वाया कशाला घालवा, म्हून मोरी आली. मोरीला पाणी पायजे, म्हून वर टाकी आली.

ज्योत्स्ना: आणि आबा?

बुद्धघोष: एक रात झोपले वर. डास हायेत म्हणाले.

ज्योत्स्ना: पैकीच्या पैकी. अगदी हेच सांगा, फक्त आबांच्या जागी ‘क्लायंट’ म्हणा. आता सोपा शब्द. बफर.

बुद्धघोष: ती चिठ्ठी ठिव बाजूला.

ज्योत्स्ना: का? कामाच्या तारखेत मुद्दाम राखून ठेवलेले जादा दिवस, एवढंच तर आहे.

बुद्धघोष: अर्थ म्हाईत हाय मला. ठिव म्हणलं ना.

ज्योत्स्ना: बरं. ही थोडी गवार निवडा मग. हात चालू असले की तुम्हाला बोलता येतं.

बुद्धघोष: शिरा काढायच्या का नुसती मोडायची?

ज्योत्स्ना: इतक्या वर्षांत हेही कळलं नाही. शिरा काढून.

बुद्धघोष: मगाशी म्हणलो ना, टाकी कधी उशिरा गेली न्हाय. त्यात माझी हुशारी काय न्हाय, ज्योत्स्ना. कारखान्याला बारा तारखेला टाकी पायजे असली, तर मी वर्कशॉपात पोरांना दहा सांगतो. समदी दहाच्या हिशोबानं पळत्यात, आन बाराला टाकी ट्रेलरवर चढती. दर टायमाला. दोन दिसांचं खोटं हाय नुसतं.

ज्योत्स्ना: मग आता काय झालं?

बुद्धघोष: मॅडम वर्कशॉपात मोठा टीव्ही लावणार. त्येच्यावर एकच तारीख, खरी, समद्यांना दिसणार. समाधान टीव्हीवर बारा बघंल, आन मग माझ्याकडं बघंल. म्हणंल, ह्या माणसाला मी दादा म्हणत व्हतो. त्यापरीस स्टोअर बरं. नटबोल्ट काय तोंडाकडं बघत न्हाईत.

ज्योत्स्ना: त्याला माहीत असेल.

बुद्धघोष: न्हाय.

ज्योत्स्ना: समाधान किती वर्षं आहे तुमच्या हाताखाली?

बुद्धघोष: बारा-तेरा.

ज्योत्स्ना: बारा वर्षं दहाची टाकी बाराला जाते, आणि तुम्ही एकदाही कुणावर ओरडत नाही. त्याला काय वाटत असेल?

बुद्धघोष: ह्ये ध्यानात आलं न्हाय माझ्या.

ज्योत्स्ना: मला तर मेघनाच्या वेळीच कळलं.

बुद्धघोष: काय कळलं?

ज्योत्स्ना: डॉक्टरीणबाईंनी वीस तारीख दिली होती. तुम्ही मला अठरा सांगितलीत.

बुद्धघोष: तुला वीस कुणी सांगितली?

ज्योत्स्ना: अहो, फाइल माझ्या पिशवीत होती. मी शिक्षिका आहे, वाचता येतं मला.

बुद्धघोष: पंचवीस वर्सं झाली पोरीला. बोलली न्हाईस कधी.

ज्योत्स्ना: बाळंतपण माझं, आणि सोळापासून जागे तुम्ही. दारात काकांची जीप, उशाला टॉर्च. अठराला बॅग घेऊन बारामतीच्या दवाखान्यात जाऊन बसलो, सिस्टर हसत होत्या. एकोणीसला पहाटे मेघना झाली. वीस धरून घरी बसले असते तर तुम्ही तेव्हा जीपची किल्ली शोधत असता.

बुद्धघोष: किल्ली खरंच सापडत नव्हती. सोळालाच सापडत नव्हती.

ज्योत्स्ना: तेव्हापासून तुम्ही तारीख सांगितली की मी मनात दोन मिळवते. चपात्याही त्याच हिशोबानं लाटते. माझं काही अडलं नाही, त्या समाधानचंही अडलं नसेल.

बुद्धघोष: मग तिथं काय म्हणू?

ज्योत्स्ना: उभे राहा, आणि मला सांगा. मी मॅडम.

बुद्धघोष: मॅडम, नमस्कार. माझ्याकडं दोन दिवसांचा बफर हाय. आजपतोर त्यो माझ्या खिशात व्हता, कुणाला दावला न्हाय. आता टीव्हीवर लावा, पोरांनाबी बघू द्या. पर काढून तेवढा घेऊ नका. लोखंडाचं काम येळेत व्हतं, मॅडम. माणसाला सासू असती, बाळंतपण असतं. ते दोन दिवस त्यासाठी हायेत.

ज्योत्स्ना: सासू काढा त्यातली.

बुद्धघोष: तिच्याबिगर अर्थ लागत न्हाय.

ज्योत्स्ना: राहू द्या मग. चांगलं बोललात. एकही शब्द चुकला नाही.

बुद्धघोष: इंग्रजी एकच व्हता त्यात.

ज्योत्स्ना: तेवढाच लागत होता. बसा आता.

बुद्धघोष: ज्योत्स्ना, एक सांगायचं राहिलं. रागावू नको. दोन तास तू त्या चिठ्ठ्या कापत बसलीस. मीटिंग उद्या म्हणलो व्हतो, ती उद्या न्हाय. शनिवारी हाय.

ज्योत्स्ना: माहीत आहे.

बुद्धघोष: दोन मिळवलेस व्हय?

ज्योत्स्ना: मिळवायची गरज पडली नाही. उद्या गुरुवार. तुमच्या कंपनीला सुट्टी असते.