तोंड दाखवा

मंडळी, ऐका! आज कीर्तनाच्या उत्तररंगात पुराणातली कथा नाही. आपल्याच गावची आहे. आधी एक प्रश्न विचारतो – माणूस ‘चूक झाली’ म्हणून मोकळा होतो, त्यानंतर त्या चुकीचं काय करायचं? बोला ना! एरवी मी चुकलो की लगेच माना हलवता!

आपल्या अनसाबाई. त्यांचा शिवदास दुधाचा टेम्पो चालवायचा. हायवेवर अपघात झाला, पोलिसांचा फोन आला आणि दुपारी पांढऱ्या कापडात बांधलेला देह दारात आणून ठेवला. अनसाबाई एवढंच म्हणाल्या, "तोंड दाखवा."

हवालदार म्हणाला, चिरफाड झालीय, कापड सोडू नका. आणि त्याची री कुणी ओढली? आपण! मी पुढे होऊन म्हणालो, "अनसाबाई, त्याचा हसरा चेहराच डोळ्यांपुढं राहू द्या." लोक म्हणाले, वा, बुवा काय बोलले! त्या गाठीला हात घालत होत्या, आपण त्यांचे हात धरले. धरले की नाही?

अग्नी दिला. दहाव्याला पिंड ठेवला, तर कावळा लगेच शिवला! आपण सुटकेचा श्वास सोडला – शिवदासची काही इच्छा राहिली नाही म्हणे!

तेराव्याचं जेवण चालू असताना जीप आली. फौजदार टोपी काढून उभा राहिला. इस्पितळात दोन देह होते, एक शिवदासचा, एक अनोळखी माणसाचा; हवालदारानं पायाच्या अंगठ्याच्या चिठ्ठ्या एकाची दुसऱ्याला बांधल्या होत्या. आपण जाळला तो परका माणूस. शिवदास आठ दिवस तिथंच पडून होता. कुणी न्यायला आलं नाही, म्हणून बेवारस ठरवून शहरात पुरला. मग त्या परक्या माणसाच्या बायकोनं तो हरवल्याची तक्रार दिली, तेव्हा इस्पितळातले फोटो ताडून हे उघड झालं.

अनसाबाई रडल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "आठ दिवस त्याच्याजवळ कुणीच नव्हतं?"

फौजदार म्हणाला, "चूक झाली, बाई."

"आणि आम्ही ज्याला जाळलं, त्याच्या घरचे?"

त्या माणसाची बायको अजून कुंकू लावून वाट बघत होती, मंडळी. तिला अस्थीसुद्धा देता येईनात, आपण त्या नदीत सोडून आलो होतो.

अनसाबाईंनी अर्ज केला – माझा मुलगा मला परत द्या. परवानगी यायला पावसाळा उलटला. त्या शहरात दफनभूमीवर गेल्या, तर तिथं मातीचे अकरा उंचवटे आणि नंबराच्या पाट्या वाहून गेलेल्या. शिपाई म्हणाला, यातलाच एक असेल. त्या अकराही उंचवट्यांना हात लावून आल्या. तेव्हापासून त्या कुणाशी बोलत नाहीत, कीर्तनाला येत नाहीत. आजही आल्या नाहीत.

आता हवालदाराला शिव्या देत घरी जाऊ नका. चिठ्ठी त्यानं बांधली, पण ती गाठ सुटली असती तर आई एका नजरेत म्हणाली असती, हा माझा नव्हे. त्या दिवशी तिचे हात धरणारे इथं पुढच्याच रांगेत बसलेत, आणि एक इथं वीणा घेऊन उभा आहे. मी तिची माफी मागायला गेलो होतो. तिनं दार उघडलं नाही, आणि मला दुसऱ्यांदा हाक मारायचा धीर झाला नाही.

शेवटचा गजर तुम्ही करा, मंडळी. माझ्यानं आज देवाचं नाव घेववत नाही.