नाम्या मीठ-नाक्यावर लागला

काय सांगू मास्तर तुमाला, मी ठान्याजवलच्या बाळकुमची, मीठ पिकवनाऱ्या आगऱ्याची लेक, मिठागराच्या बांधावर जन्मलेली नि बाळकुमातच दिलेली. सासरा म्हनायचा, फिरंगी आला, पेशवा आला, कंपनी आली, कंपनीच्या जागी रानी आली, कोन कोनाशी लढला आपल्याला काय ठावं, सगल्यांनी मिठातला वाटा नेला पन मीठ पिकवू नको असं कोनी म्हनलं नाय. ते रानीच्या सरकारनं म्हनलं. कर चुकवून मीठ जाऊ नये म्हनून लहान मिठागरांवर पहारा ठेवायला परवडत नाय, बंद करा. शिपाई आले, आमच्याच गावच्या मानसांकडून आमचा बांध फोडवला, भरतीला खाडी आत शिरली. सासरा नुसता बघत उभा व्हता. त्याच पावसात गेला बिचारा.

आमचे मालक कल्यानला रेल्वेची खडी फोडायला लागले. धाकटा दीर नाम्या, त्याला मीच वाढवलेला, तो सरकारच्या मीठ-नाक्यावर शिपाई झाला. सासू म्हनली, बांध फोडनाऱ्यांची टोपी घालतोस? तो म्हनला, आये, मग खायाचं काय?

पुढच्या चैतात काय झालं, बुडल्या मिठागरात ऊन लागून आपसूक मीठ धरलं. तसलं बिनकराचं मीठ उचलनं बी गुन्हा व्हता. सासूनं दोन मुठी खरवडून पदरात घेतलं, मासली सुकवायला. समोर नाम्या, संगं हवालदार. आये, टाक ते. नाय टाकत, तुझ्या बापाच्या जागेतलं हाय. आये, पाया पडतो, टाक. हवालदार नाम्याकडं बघत उभा. मग नाम्यानं आयेचा हात धरला नि भर दुपारी, सगल्या गावासमोरून, ठान्याच्या कचेरीत नेली. आठ दिस आत ठेवली तिला.

सुटून आली ती त्याच्याशी बोलली नाय. मिठाचं खाल्लं नाय. मी कालवनात घातलं तर ताटली सारायची, म्हनायची, सरकारचं हाय, मला नको. दीड वरीस अलनी जेवली नि गेली. नाम्या खांदा द्यायला आला तर मालक म्हनले, आयेनं सांगून ठेवलंय, तू नको. तो लांब उभा राहून रडला, लहान पोरावानी.

आता मालक बी नायत. नाम्या म्हातारा झाला, माझ्याकडंच असतो. जेवताना मधीच हात थांबतो त्याचा, म्हनतो, वयनी, मी दुसरं काय करनार व्हतो? खरं सांगू मास्तर, नाक्यावर जा असं त्याला मीच म्हनलं व्हतं, घरात चूल पेटत नव्हती म्हनून. ते तो इसरला नसंल, पन एक डाव बी तोंडातून काढलं नाय त्यानं. मी म्हनते, जेव रे बाबा, निवतंय.

राज कोनाचंबी येवो, तुमच्या लेकरांना देव सुखात ठेवो.