काचेत दोष नाही

—नाही नाही, अशी चिमटीत धरू नकोस ती, तळहातावर घे. हां, अशी. आणि उभी काय, बस ना त्या सोफ्यावर, जुना आहे पण अजून दम आहे त्यात. काय आहे म्हणून काय विचारतेस, मोजनळी आहे ती, माझ्या हातची! प्रयोगशाळेतली झाडून सगळी काच मीच फुंकायचो, मग तुझ्या बाबांच्या कपाटात करंगळीएवढी नळी निघाली तर ती दुसऱ्या कुणाची असणार? त्यांनी सांगितलं नाही कधी? काहीच बोलायचे नाहीत त्या दिवसांबद्दल? हं. तसाच होता तो. आम्ही बुडबुडे म्हणायचो त्याला, टाकीत वायूचे बुडबुडे सोडायचा म्हणून, आणि मी फुंकऱ्या – बुडबुडे आणि फुंकऱ्या, सर्कशीतली जोडी जशी. गेल्या महिन्यात मी यायला हवं होतं, पोहोचवायला तरी. गुडघे, दुसरं काय. म्हणजे गुडघे आहेतच तसे, पण रिक्षा करून येता आलं असतं. असो.

आणि आता संस्था त्याच्या नावाची पाटी लावणार, आणि दोन शब्द कुणी बोलायचे? मी. तुला कुणी सुचवलं हे? बाबाच म्हणायचे? काय म्हणायचे – 'तिथं माझा एकच मित्र होता'? ...बरं. पाणी घेतेस का? मीच घेतो.

तर ऐक, म्हणजे तुला कळेल तो करायचा काय. सूर्यातून एक कण निघतो, न्यूट्रिनो. इतका अलिप्त की अख्ख्या पृथ्वीतून आरपार जातो आणि धक्का कुणाला लागत नाही. आत्ता तुझ्या नखातून अब्जावधी चाललेत – बघू नकोस, दिसत नाहीत. ते पकडायला आम्ही कुठं बसलो? एका जुन्या खाणीच्या पोटात, दीड किलोमीटर खाली. तिथं तीन मजली घराएवढी टाकी, आणि टाकीत काय, तर ड्रायक्लीनिंगवाले वापरतात तो द्रव. हसतेस काय, खरंच! त्यात क्लोरीन असतं. चुकूनमाकून एखादा कण अडलाच तर क्लोरीनच्या एका अणूचा आर्गॉन होतो. दोन महिन्यांत असे किती व्हावेत? कागदवाल्यांच्या, म्हणजे वर बसून गणितं मांडणाऱ्यांच्या हिशेबानं पन्नासेक. अणू बरं का, लिटर नव्हे! तुझा बाप ते एवढ्या टाकीतून बुडबुड्यांनी हुसकून वर आणायचा आणि माझ्या नळीत भरायचा. मग नळी ते अणू एकेक करून मोजायची. आणि निघायचे किती? पन्नासाच्या जागी पंधरा-सोळा. दर खेपेला तेच. बाकीचे गेले कुठं? सूर्य विझत चाललाय म्हणाले काही जण. कागदवाले म्हणाले, आमचं गणित चोख आहे, खालचे लोक सांडतात. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, आणखी काय.

आता उत्तर ठाऊक आहे. ते कण वाटेत रूप बदलतात. सूर्यातून निघताना एक जात, इथं पोहोचेपर्यंत तीन, आणि आमच्या टाकीला एकच ओळखता यायची. म्हणजे सांडलं काहीच नव्हतं! ती बातमी आली त्या सकाळी मी पेढे – नाही, मी काही वाटलं नाही. मी दाढी करत होतो, तो वस्तरा खाली ठेवला आणि रडलो. बायकोला वाटलं मित्रासाठी रडतोय. मी माझ्यासाठी रडत होतो, सुटलो म्हणून.

कशातून म्हणजे? ...ऐकतेस फार बारकाईनं, बापावर गेलीयस.

अगं, त्याला काढलं ना तिथून. एका खेपेला पंधरासुद्धा नाही, चारच निघाले. चार! मग चौकशी समिती आली, तिघं जण, टाय लावून खाणीत उतरले, खाली घामानं निथळले. गळती कुठं आहे? दोनच जागा होत्या. एक त्याचा हात, एक माझी काच. मला विचारलं, मी बोललो जे बोलायचं ते. हो, त्याच्या बाजूनंच – म्हणजे विरोधात काही नाही. मी म्हटलं, माझी काच पक्की आहे, ती भरणाऱ्याच्या हाताचं मी कसं सांगणार. एवढंच. वाईट काय आहे त्यात? मग त्याला पाणी तपासायच्या खात्यात धाडला, आणि बावीस वर्षं तो नळाचं पाणी तपासत बसला. चोर सोडून संन्याशाला फाशी – म्हणजे चोर कुणी नव्हताच, आता कळलंय ना, कण रूप बदलतात –

दे इकडे. खिडकीशी धरू दे जरा. एवढी वर्षं कापसात ठेवून... थांब. भिंग कुठाय माझं? नळीच्या मानेजवळ केस अडकलाय बघ. केस नाही हा. तडा आहे.

हीच ती. चारवाली.

नाही, रूपबिप काही नाही, त्या खेपेचं तरी नाही. पंधराचं कोडं सूर्याचं होतं, चाराचं माझं. मोजणी संपल्यावर मी तडा पाहिला, नळी फुटक्या काचेच्या डब्यात टाकली आणि तिच्या जागी तशीच दुसरी ठेवून दिली. काच फुंकून झाली की भट्टीत हळूहळू निववावी लागते, अख्खा दिवस. घाई केली तर आत ताण राहतो आणि महिन्याभरानं तडकते. ही मी तीन तासांत काढली होती. मोठं कारण काही नाही गं, कुणी आजारी नव्हतं. घरी सोफा यायचा होता, नवा, दारात टेम्पो उभा राहणार होता. त्याला सांगूनही निघालो, बुडबुडे, आज लवकर जातो, सोफा येतोय. तो म्हणाला, जा, बसायला येईन.

ती चिठ्ठी कसली? कापसाखाली होती? वाच, मला दिसत नाही. तारीखच फक्त? कुठली, नीट वाच... समिती आली त्याच्या आदल्या दिवसाची. म्हणजे डब्यातून त्यानं ती उचलली – आदल्याच दिवशी. आणि मी दाराबाहेर बाकावर बसलो होतो, पोरी, मी कानांनी ऐकलं. त्यांनी विचारलं, काचेचं काय? आणि हा म्हणाला, काचेत दोष नाही. मी मनात म्हटलं, भोळा आहे बिचारा, ह्याला पत्ताच नाही. पस्तीस वर्षं मी त्याला भोळा समजलो! मला तेव्हा दोन लहान पोरं होती, त्याला अजून कुणी नव्हतं, तू नव्हतीस. एवढाच हिशेब केला असेल त्यानं. आणि मी आत जाऊन काय बोललो, तर त्याचा हात.

दर वर्षी यायचा इथं. कधी एका शब्दानं नाही. यायचा, ह्याच सोफ्यावर बसायचा, हातानं असं थोपटायचा आणि म्हणायचा, जुना झाला रे, पण अजून दम आहे ह्यात –

ऊठ. ऊठ तू तिथनं, बाळ. पाटीपुढं काय बोलायचं ते मी बोलेन, हेच बोलेन, सगळ्यांदेखत, पण आत्ता माझ्याकडे बघू नकोस. नळी राहू दे इथं. नको, घेऊन जा, ती त्याची आहे. जा आता. दार ओढून घे.