न वाकणारी फळी

प्लायवुडच्या दुकानात फळ्या कापून घ्यायला रांग होती. माझ्यापुढे एक काकू मिस्त्रींशी बोलत होत्या.

“चार फूट लांब, आणि मधे आधार नको.”

“मग वाकणारच, काकू. भुसा दाबून केलेली फळी आहे ही, लोखंड नाही. वर काय ठेवणार?”

“ह्यांची पुस्तकं. जाडजूड आहेत.”

“मग तर मधे आधार हवाच.”

“जुन्या फळीला नव्हता. तशीच हवी, फक्त न वाकणारी.”

“मग वर्षातून एकदा फळी उलटी घालत जा. बाक आपोआप जातो.”

“मला शिकवता? हे दर वर्षी तेच करायचे. पुस्तकं उतरवायची, पुसायची, फळी उलटायची, पुन्हा लावायची. अख्खा रविवार घरभर पसारा.”

“मग झालं तर! काकांनाच सांगा की.”

“म्हणून तर न वाकणारी मागतेय.”

“…पुढच्या कडेला खालून दोन इंची सागाची पट्टी ठोकतो. मागे भिंतीलाही एक देतो. नाही वाकायची.”

“नक्की ना? मी पुस्तकं एकदाच उतरवणार आहे. ह्यांनी कुठलं कुठे लावलं होतं, ते लिहून ठेवलंय.”

“माप पुन्हा एकदा सांगा, काकू.”